कोन मोजण्यात आयुष्य घालवलेला माणूस : विलियम लॅम्बटन



जून महिन्यात शाळा उघडली की वर्गावर्गांतून नव्या कंपासपेट्यांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. पट्टी, कंपास, कर्कटक, दोन गुण्ये आणि अर्ध्या चंद्रासारखा पारदर्शक कोनमापक, असा सगळा संसार त्या पेटीत असतो. कोनमापकाला आपली मुले प्रोट्रॅक्टर म्हणतात, काही जण नुसते डी म्हणतात. या बिचाऱ्याचे आयुष्य मात्र फारसे नसते. दिवाळीपर्यंत तो हरवतो, नाहीतर त्याचा एक कोपरा तुटतो. मग शेजारच्या मुलाकडून मागून काम भागवले जाते.

आमच्या पाहण्यात एक गोष्ट नेहमी येते. त्रिकोण काढून त्याचे तिन्ही कोन मोजायला सांगितले, तर पुष्कळ मुले दोन कोन मोजतात आणि तिसरा १८० मधून वजा करून लिहून टाकतात. उत्तर बरोबर दिसते आणि वहीत बरोबरची खूणही मिळते. खरे सांगायचे तर आम्हीही शाळेत असताना हेच करत होतो. मग तिसरा कोन न मोजता लिहिला, तर बिघडते काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडते, त्या विलियम लॅम्बटन याची ओळख या अंकात करून देत आहोत. हा माणूस जन्माने इंग्रज, पण त्याच्या आयुष्याची शेवटची वर्षे आपल्या हैदराबादेत गेली आणि देह विदर्भात हिंगणघाटला पडला. भारताच्या दक्षिण टोकापासून वऱ्हाडापर्यंतची जमीन त्याने त्रिकोणांत बांधली. एव्हरेस्ट शिखराची उंची पुढे ज्या मोजणीतून निघाली, तिचा पाया त्याने घातला होता.

लॅम्बटनचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका साध्या घरात झाला. घरी पैसा नव्हता, पण मुलाला गणिताची गोडी होती. शिक्षण झाल्यावर तो सैन्यात शिरला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली यॉर्कटाउन येथे इंग्रजांचा पराभव झाला, तेव्हा तो कैद्यांमध्ये होता. सुटका झाल्यावर त्याने कॅनडात बरीच वर्षे काढली. तिथे जमिनीची मोजणी करणे आणि फावल्या वेळात गणिताची पुस्तके वाचणे, एवढाच त्याचा उद्योग होता. बढती नाही, नावलौकिक नाही. चाळिशी उलटली तरी या माणसाच्या हातून काही मोठे घडेल, असे कोणालाही वाटले नसते.

१७९० च्या दशकाच्या अखेरीस त्याची पलटण हिंदुस्थानात आली. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली. पुढे १८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेला तो हाच. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत लॅम्बटन जनरल बेअर्ड याच्या हाताखाली होता. एका रात्री फौज उत्तरेकडे निघाली आहे, अशी सर्वांची समजूत होती. लॅम्बटनने आकाशातील तारे पाहिले आणि आपण दक्षिणेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या तोंडी चाललो आहोत, हे जनरलला सांगितले. आधी जनरलला ते पटले नाही. मग होकायंत्र काढून पाहिले, तर ताऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले. फौज वेळीच मागे वळली.

श्रीरंगपट्टण पडल्यावर लॅम्बटनने वेलस्लीच्या मार्फत मद्रास सरकारपुढे एक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सारा मुलूख त्रिकोणांच्या साखळीने मोजायचा. त्यातून नकाशा अचूक होईलच, शिवाय पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे हेही कळेल. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे तेव्हा माहीत होते, पण किती चपटी आहे ते ठरवण्यासाठी विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात चांगली मोजणी हवी होती. हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना हा खर्च पटत नव्हता. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगावे, ते बरोबर नेऊन पोहोचवतात, त्यासाठी एवढे गणित कशाला, असा त्यांच्यातील एकाचा आक्षेप होता. अखेर मंजुरी मिळाली, तेव्हा लॅम्बटन पन्नाशीला टेकला होता.

आता त्याची रीत समजून घेऊ, कारण ती आपल्या भूमितीच्या वहीतलीच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले, तर उरलेल्या दोन बाजू काढता येतात. म्हणजे जमिनीवर एकच रेषा नीट मोजायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहून कोन मोजायचे, की टेकडीपर्यंतचे अंतर तिथे न जाताच कळते. तीच बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, त्यातून पुढचा त्रिकोण निघतो, आणि अशी साखळी नद्या, जंगले, दऱ्या ओलांडत जाते. साखळी लांबत जाते तसे साखळदंडाने मोजण्याचे काम मागे पडते आणि सारा भार कोनांवर येतो.

ती पहिली रेषा, म्हणजे पायारेषा, लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात मोजली. १० एप्रिल १८०२ रोजी काम सुरू झाले. मोजायला १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. ती जमिनीवर टाकून ओढायची नाही, तर लाकडी पेट्यांमध्ये ठेवून तिवयांवर समपातळीत धरायची आणि तिच्यावर सावली करायची. जवळ तापमापक ठेवून दर वेळी तापमान लिहायचे. एवढी काळजी कशासाठी? पोलाद उन्हाने वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर १०० फुटी साखळी इंचाच्या सातव्या हिश्शाएवढी लांब होते. ऐकायला ही वाढ क्षुल्लक वाटते, पण ती रेषा सुमारे ४०,००० फूट लांब होती. साखळी ४०० वेळा मांडायची, म्हणजे एवढ्याने चार-साडेचार फुटांची चूक झाली असती. भर उन्हाळ्यात साडेसात मैल मोजायला ५७ दिवस लागले.

कोन मोजण्यासाठी लॅम्बटनने लंडनच्या विलियम कॅरी या कारागिराकडून मोठे थिओडोलाइट बनवून घेतले होते. थिओडोलाइट म्हणजे दुर्बीण बसवलेला कोनमापकच. हे यंत्र घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले. तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच यांचे वैर होते. यंत्र मॉरिशसला नेण्यात आले, पण ते विज्ञानाच्या कामाचे आहे हे समजल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. वैऱ्यांमध्येही ज्ञानाविषयी आदर असू शकतो, याचे हे छान उदाहरण आहे.

यंत्राचे वजन होते सुमारे अर्धा टन आणि त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच. एवढे मोठे यंत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. आपल्या पेटीतला कोनमापक साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याच्यावर एका अंशाला एक मिलिमीटरही जागा मिळत नाही, त्यामुळे अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचणे कठीण जाते. ३६ इंची वर्तुळावर एका अंशाला सुमारे आठ मिलिमीटर मिळतात. अंशाचे ६० मिनिटे आणि मिनिटाचे ६० सेकंद हे भाग आपण शिकतोच. त्या वर्तुळाच्या कडेवरच्या बारीक रेघा सूक्ष्मदर्शकातून पाहून लॅम्बटन सेकंदांपर्यंत पोहोचत असे.

सेकंदांचा हा हट्ट उगाच नव्हता. एका अंशाच्या चुकीने वहीत दहा सेंटिमीटरवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो खोडरबराने भागतो. तीच चूक ५० किलोमीटर दूरच्या टेकडीकडे पाहताना झाली, तर ती टेकडी नकाशात जवळजवळ ९०० मीटर सरकते. एका सेकंदाची चूक झाली तर सरक २४ सेंटिमीटरची. पुढचा त्रिकोण त्या सरकलेल्या टेकडीवर उभा राहणार आणि त्याच्या पुढचा त्याच्यावर. म्हणजे पहिल्या कोनातली चूक शेवटच्या टेकडीपर्यंत बरोबर चालत जाते.

म्हणून लॅम्बटन शक्यतो त्रिकोणाचा तिसरा कोनही मोजत असे. दोन कोनांवरून तो काढता येतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी तो तिसऱ्या टेकडीवर अर्धा टन ओझे चढवी, झेंड्यांकडे दुर्बीण रोखी आणि तिसरा कोन मोजून तिघांची बेरीज करी. बेरीज जमली नाही, तर कुठेतरी चूक आहे हे कळे. तिसरा कोन वजाबाकी करून लिहिला असता, तर बेरीज नेहमीच जमली असती आणि चूक कधीच सापडली नसती. आपल्या वहीतल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. यात आणखी एक गंमत आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या मोठ्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते. ५० किलोमीटर बाजू असलेल्या समभुज त्रिकोणात ही वाढ साधारण साडेपाच सेकंद असते. खरोखर मोजणाऱ्यालाच ती दिसते.

परीक्षेचा दिवस १८०४ मध्ये आला. मद्रासपासून निघालेली त्रिकोणांची साखळी बंगळुरूपर्यंत पोहोचली होती. तिथे नवी पायारेषा आखून ती पुन्हा साखळीने मोजण्यात आली. गणिताने काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत सुमारे सात मैलांच्या अंतरात चार इंचांहूनही कमी फरक निघाला. साखळी पुढे पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेली, तेव्हा मद्रास ते मंगळुरू हे अंतर सुमारे ३६० मैल भरले. जुने नकाशे ते सुमारे ४०० मैल दाखवत होते. समुद्राने काही गिळले नव्हते, तरी नकाशातले ४० मैल नाहीसे झाले.

यानंतरचा प्रसंग तंजावरचा आहे. तंजावर म्हटले की आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला जवळचे वाटते. १८०८ साली तिथे सरफोजीराजे भोसले गादीवर होते. त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता, तो आजही तिथे वाचायला मिळतो. कावेरीचा हा प्रदेश सपाट आणि माडांनी भरलेला. टेकडी नाही, म्हणून लॅम्बटनने यंत्र मंदिराच्या उंच शिखरावर चढवायचे ठरवले. यंत्र दोरांनी वर ओढत असताना एक दोर तुटला आणि ते भिंतीवर जोरात आपटले. वर्तुळाची कड वाकली, आतल्या आऱ्याही वाकल्या. अशा यंत्राचा कोन काय कामाचा?

नवे यंत्र इंग्लंडहून यायला कित्येक महिने लागले असते. लॅम्बटनने कोणावर आरडाओरडा केल्याची नोंद नाही. तो यंत्र घेऊन आपल्या तंबूत शिरला आणि इतरांना आत यायची बंदी केली. एका मोठ्या सपाट फळीवर त्याने हव्या त्या मापाचे अचूक वर्तुळ आखून कोरून घेतले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड इंचाइंचाने ओढत त्या वर्तुळात बसवली. वाकलेल्या आऱ्या लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केल्या. सहा आठवड्यांनी तो बाहेर आला, तेव्हा यंत्र जवळजवळ पूर्वीच्या रूपात आले होते आणि पुढेही कामी आले. एवढे मोठे नुकसान झाल्यावर दुसरा एखादा काम सोडून परत गेला असता. तुटका कोनमापक सहज फेकून देणाऱ्या आपण सर्वांनी हे सहा आठवडे लक्षात ठेवावेत.

कन्याकुमारीकडची बाजू पुरी झाल्यावर त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे वळली. १८१५ मध्ये बीदरच्या परिसरात पायारेषा मोजली गेली. लॅम्बटनचा मुक्काम हैदराबादेत आला. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. १८१८ मध्ये हे काम कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि त्याला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले. त्याच सुमारास जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण मदतनीस म्हणून हैदराबादला येऊन दाखल झाला. एव्हरेस्टने पुढे लिहून ठेवले आहे, त्याचा आशय असा, की एरवी शांत आणि थकलेला वाटणारा हा वृद्ध यंत्र लावायला उठला की अगदी निराळा, उत्साहाने भरलेला दिसे.

इथे एक गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. १८१८ हेच वर्ष पेशवाई बुडाल्याचेही आहे. मोजणीचा खर्च कंपनी सरकार करत होते ते विज्ञानाच्या प्रेमाखातर नव्हे. ज्याच्या हाती अचूक नकाशा, त्याला फौज हलवणे आणि सारा वसूल करणे सोपे जाते. गावोगावचे लोक या दुर्बिणींकडे संशयाने पाहत, ते अगदीच निराधार नव्हते. शिवाय लॅम्बटनच्या नावामागे शेकडो हिंदी माणसांचे कष्ट आहेत. झाडे तोडणारे, यंत्र खांद्यावर वाहणारे, टेकड्यांवर आठवडेच्या आठवडे झेंडे धरून राहणारे हे लोक होते. जंगलातल्या तापाने त्यांच्यातील कितीतरी जण गेले. त्यांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. लॅम्बटनचा गौरव करताना त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

१८२२ मध्ये वऱ्हाडात एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या अचलपूरजवळ, आणखी एक पायारेषा मोजून झाली. आता कामाचे ठाणे नागपूरला हलवायचे होते. लॅम्बटन सत्तरीला आला होता आणि प्रकृती ढासळली होती. तरीही तो हैदराबादहून निघाला. २० जानेवारी १८२३ रोजी वाटेतच हिंगणघाटच्या मुक्कामी त्याचा मृत्यू झाला. तोवर सुमारे १,६५,००० चौरस मैलांचा मुलूख त्रिकोणांत बसला होता.

मागे राहिलेले काम एव्हरेस्टने पुढे नेले. १८४१ पर्यंत ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. कन्याकुमारीपासूनचे ते अंतर सुमारे २,४०० किलोमीटर होते. याच मोजणीच्या आधारे हिमालयाच्या शिखरांकडे कोन घेतले गेले. राधानाथ सिकदार यांच्यासारख्या बंगाली गणितज्ञाने आकडेमोडीत मोठा वाटा उचलला आणि १८५६ मध्ये पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले.  लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे.

मित्रांनो, आज उपग्रहांच्या मदतीने खिशातला फोनही आपली जागा सांगतो. पण त्या उपग्रहांच्या मागेही अचूक मोजण्याची तीच सवय आहे. मोजलेले लिहावे, यायला हवे ते लिहू नये, एवढीच ती सवय. त्रिकोणाची बेरीज १७९ आली तर १७९ लिहा आणि पुन्हा मोजा. त्यासाठी कोणी गुण कापू नयेत, अशी आमची शिक्षकांनाही विनंती आहे.

करून पाहा

१. दहा सेंटिमीटरची रेषा काढा. कोनमापकाचा मध्यबिंदू रेषेच्या टोकावर आणि शून्याची रेघ रेषेवर नेमकी बसवा. एका टोकाशी ५० अंशांचा आणि दुसऱ्या टोकाशी ६० अंशांचा कोन काढा. तिसरा कोन ७० यायला हवा. तो मोजून किती येतो ते प्रामाणिकपणे लिहा.

२. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. जी ओळ तुमच्या रेषेवर शून्यापासून सुरू होते तीच वाचा. कोन लघुकोन आहे की विशालकोन, हे आधी नजरेने ठरवले, तर ६० च्या जागी १२० लिहिले जाणार नाही.

३. मैदानावर २० मीटरची दोरी ताणून जमिनीवर ठेवा. तिच्या दोन्ही टोकांवरून समोरच्या झाडाकडे पाहून कोन मोजा. वहीत एक सेंटिमीटरला दोन मीटर असे प्रमाण घेऊन त्रिकोण काढा आणि झाड किती लांब आहे ते सांगा. मग टेपने मोजून पडताळा. दोन्ही उत्तरांत किती फरक आला, तेही लिहा.

आणि पालकहो, सुट्टीत काजीपेठमार्गे नागपूरला जाताना गाडी हिंगणघाटवरून जाते. स्टेशन आले की मुलांना उठवा आणि तंजावरच्या तंबूतल्या सहा आठवड्यांची गोष्ट सांगा.